घरपोच बाळंतविडा

संजीवनीच्या तव्यावरची पोळी फुगायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. दाराला बेल आहे, चांगली पाखराच्या आवाजाची. तरी थाप पडली म्हणजे आलेला माणूस या सोसायटीतला नव्हता.

"बघा हो कोण आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. पण बघणार कोण? चिंतामणीच्या गालांना साबणाचा फेस होता. सासूबाई, म्हणजे विठाबाई, गुडघ्यांना तेल चोळून पलंगावर पाय लांब करून बसलेल्या. नळाला पाणी होतं तोवर पिंप भरून घ्यायचं होतं, शेगडीवर फरसबी खाली लागायच्या बेतात होती आणि चिंतामणीचा डबा ओट्यावर आ वासून पडला होता. शेवटी गॅस बारीक करून, पिठाचे हात तसेच घेऊन तीच दाराशी गेली.

दारात एक म्हातारा गृहस्थ. पांढरा लेंगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला ताजा अष्टगंध. हातातला मोबाइल त्यांनी असा आडवा धरला होता, जणू तिरपा केला तर त्यातलं काही सांडेल.

"तान्हुलं दुकान ह्याच काय?"

"हो. पण दुकान म्हणजे घरच आहे हे. आपण?"

"मी महिपती. जांभूळ गावावरनं आयलो. आमचे सुनेनं, तेजलनं, तुमचेकडं बाळंतविडा मागवलेला मोबाइलवरनं. आज बारसा हाय."

संजीवनीनं मागे वळून बघितलं. तेजलचा बाळंतविडा दाराच्या मागेच होता. चपलांच्या कपाटावर, गुलाबी कागदात गुंडाळलेला, वर नाव-पत्ता लिहून तयार. रोज केर काढताना ती त्याच्यावरची धूळ पुसत होती आणि रोज मनात म्हणत होती, जांभूळ उद्या.

"या ना आत, बसा," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

तान्हुलं हे दुकान संजीवनीनं सुरू केलं ते मुलगा सोहम नोकरीसाठी पुण्याला गेला त्या वर्षी. घर रिकामं झालं होतं, शिलाई मशीन होतं, आणि बी.कॉम.ची पदवी कपाटातल्या फाइलमध्ये लग्नापासून झोपून होती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बाजारातून मऊ मलमल आणायची, धुऊन तिची खळ काढायची, आणि झबली, टोपडी, कुंच्या, लाळेरी, दुपटी शिवायची. टोपड्यांना गोंडे विठाबाई लावायच्या. सगळं एकत्र करून खण घातला की झाला बाळंतविडा. सोहमनं सुट्टीत येऊन वेबसाइट करून दिली. पहिली ऑर्डर नागपूरची आली तेव्हा विठाबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती.

मग सुरू झाला पाठवणावळीचा घोळ. कुरिअरवाले माल तोलत नाहीत, खोकं मोजतात, हे तिला पहिल्या महिन्याचं बिल आल्यावर कळलं. दुपटं वजनाला फुलासारखं, पण फुगतं उशीएवढं. तिनं छान पुठ्ठ्याच्या खोक्यात, चुरगळू नये म्हणून सैलसर ठेवून पाठवलं, आणि कंपनीनं आतल्या हवेचेसुद्धा पैसे लावले. मग तिनं खोकी सोडली. दुपटं गुंडाळायचं, त्यावर गुडघा देऊन हवा काढायची आणि घट्ट पिशवीत भरायचं. नाशिकची एक बाई फोनवर म्हणाली, "ताई, झबल्यापेक्षा टपाल महाग झालं की हो!" तेव्हा तिनं थोडी पाठवणावळ किमतीत मुरवली. किंमत वाढलेली बघून शेजारणीनं नाक मुरडलं, तेव्हा परत काढली. जवळच्या जिल्ह्यांना एक दर, लांबच्यांना दुसरा, जास्त माल घेतला तर माफ. असं करत करत, रात्री जेवणं उरकल्यावर कागदावर आकडे मांडून तिनं ते बसवलं. त्यात तिला मजा यायची. कॉलेजात सुटलेलं काहीतरी पुन्हा हाताला लागल्यासारखं वाटायचं.

पण नागपूरचं गणित सुटलं तरी घरच्या बदलापूरचं काही सुटेना.

सोहमनं सुरुवातीला बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही गावांच्या पिनकोडना, म्हणजे आसपासच्या खेड्यांनाही, साठ रुपये लावले होते. विठाबाईंना ते कळलं आणि त्या उठून बसल्या.

"बाळाच्या घरी जायचं आणि वर गाडीभाडं मागायचं? लोक काय म्हणतील?"

"आजी, ती डिलिव्हरी आहे. कुरिअरवाला जाईल."

"कशाला कुरिअरवाला? इथल्या इथे? बाळंतविडा काय विटांचा ट्रक आहे, कुणीही टाकून यायला? बाईमाणसानं न्यायचा असतो तो. तुझी आई जाईल की. तेवढंच बाळही बघून होईल."

सोहमनं आईकडे बघितलं. संजीवनी हसली. तेव्हा तिलाही ते बरंच वाटलं होतं. इथले असे किती लोक मागवणार? साठाच्या जागी शून्य आलं आणि वेबसाइटवर चमकायला लागलं: 'घरपोच मोफत'.

बाळ बघायला रिकाम्या हाताने कोण जातं? माल पोचवायला गेलेली संजीवनी दारातून परत फिरू शकेना. "अहो आत या ना, बाळ बघा" असं घरचे म्हणायचेच. आत गेलं की बाळ बघायचं, बाळ बघितलं की त्याच्या मुठीत नोट ठेवायची. नोट ठेवली की समोरची सासू चहा टाकायची. चहा येईपर्यंत कळा कधी सुरू झाल्या, डॉक्टरीण कशी उशिरा आली, टाके किती पडले, हे सगळं ऐकायचं. मग हळदीकुंकू. एकेका बाळंतविड्यामागे एक अख्खी दुपार जायची, येताजाता शेअर रिक्षात कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून. वर मुठीतली नोट. नफा कुठे जायचा हे शोधायला कागद लागत नव्हता.

तीन नंबरचे कापडवाले लछमनभाई एकदा हसून म्हणाले होते, "दीदी, फ्री डिलिव्हरी? अरे साईं, हम तो सामनेवाली गली में हमाल भेजते हैं, उसका भी लगाते हैं."

"आमच्यात नाही चालत भाऊ," ती म्हणाली होती.

"तो फिर आप थक जाओगी."

ती थकलीच. एका दुपारी अंबरनाथच्या ऑर्डनन्स वसाहतीतून आली तशी चपला न काढता खुर्चीत बसली आणि चिंतामणीजवळ बोलून गेली, "जीव नाही राहिला हो अंगात." चिंतामणी काही वाईट माणूस नाही. एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत आयुष्य गेलं त्याचं, दमणं म्हणजे काय ते त्याला कळतं. तो अगदी मायेनं म्हणाला, "मग बंद कर ना. तुला कुणी सांगितलंय?"

त्या दिवसापासून तिनं घरात दमल्याचं बोलणं सोडलं. कारण तिला दुकान बंद करायचं नव्हतं. मशीनवर बसलं की तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरायचं. दुकान हवं होतं आणि हे जाणं नको होतं. पण ही दोन वाक्यं एका श्वासात म्हटली की घरातल्यांना त्यातलं फक्त 'नको' ऐकू यायचं.

तर असे महिपतीबाबा सोफ्याच्या कडेवर बसलेले, आणि ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"बाबा, चूक माझी आहे. पुडकं कधीचं तयार आहे, येणं झालं नाही. तुम्ही एक फोन करायचा होता."

"फोन कसा करनार? सून बोलली, फुकट आनून देतान ते. फुकटचं आनि वर घाई कशी करायची?" महिपतीबाबांनी पाणी एका दमात संपवलं. "तुमी पैसं घेतलं असतं ना, मी दुसऱ्याच दिवशी फोन करून भांडलो असतो बघा. 'कुठं हाय माल?' बोललो असतो. फुकटात भांडायला तोंड कुठनं आनू?"

ते हसत म्हणाले, पण संजीवनीला हसू फुटेना. तिनं गुलाबी पुडकं आणून त्यांच्यापुढे धरलं. म्हातारा हात पुढे करणार, तोच आतून विठाबाईंचा आवाज आला.

"अगं संजीवनी, पुरुषमाणसाच्या हाती बाळंतविडा देतेस? आणि तोही बारशाच्या दिवशी?"

"आई, ते घ्यायलाच आलेत."

"आलेत तर तुला घेऊन जातील. काय हो पाव्हणं, रिक्षा आहे ना?"

"हाय ना! गावातल्या रघूची हाय, खाली उभी केली. चला ताई, बारशाला चला. पोरीच्या पायगुणानं तुमचे पन पाय लागतील आमचे घराला."

चिंतामणी गाल पुसत बाहेर आला. "जा गं. डब्याचं बघतो मी, कँटीनला खाईन."

सगळे कसे चांगुलपणानं बोलत होते. त्या चांगुलपणातून निसटायला कुठे फटच नव्हती. संजीवनीनं गॅस बंद केला, हात धुतले, साडी बदलली, पर्स उघडून मुठीत ठेवायची नोट वेगळी काढली. आरशात बघून टिकली नीट केली तेव्हा तिला स्वतःचे डोळे खाली ओघळल्यासारखे दिसले. पण आता बारसं होतं. हसरा चेहरा लागणार होता.

रिक्षात महिपतीबाबांनी पुडकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. गाडी बदलापूरच्या उंच उंच इमारती मागे टाकून बाहेर पडली. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे जाड पाइप धावायला लागले.

"ताई, एक इचारू? ह्या रिक्षाचं भाडं कोनी द्यायचं?" बाबांनी डोळे मिचकावले. "तुमी फ्री बोललात म्हंजे तुमी. पन घ्याला आयलो मी, म्हंजे मी."

"मी देते बाबा."

"अहो, मजाक केली. रघू आपलाच हाय, तो मना इचारतो पन नाय. तो पन फुकटच." मग जरा वेळानं, बाहेर बघत, ते म्हणाले, "दोन म्हयने झालं, ह्याचेकडनं मी फुकटात फिरतो. आता बोलवायची लाज वाटते मना. आज पोरीचे बारशासाठी बोलावला."

पुढे बसलेल्या रघूनं आरशातून मागे बघितलं.  नुसता गिअर बदलला.

जांभूळला महिपतीबाबांच्या दारात मांडव होता. आत बायकांची दाटी, कुकरमधून घुगऱ्यांचा वास, खांबाला बांधलेला फुलांचा पाळणा. "दुकानवाल्या ताई आल्या! स्वतः आल्या!" असा गलका झाला. संजीवनीला पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं, ओटीत नारळ आणि खण आला. तिनं पुडकं सोडलं. कुंची हातोहात फिरली. एका बाईनं टोपड्याचे गोंडे ओढून बघितले, दुसरीनं दुपटं गालाला लावलं.

"काय मऊ गो! आमचे सुनेला पन सातवा हाय. आनून देशील ना?"

"मला पन दोन पाठव, नंदेचे पोराला. अंबरनाथला राहते ती, गावदेवीपाशी. फुकट ना?"

"फुकटच गं, बाबा बोलले ना! ताई स्वतः आनतान."

संजीवनी मान डोलवत होती. नको म्हणायला शब्द लागतात, डोलवायला फक्त मान. तिच्या डोळ्यांसमोर दुपारी उभ्या राहिल्या. एकामागून एक, प्रत्येकीत एक रिक्षा, एक चहाचा कप, एक नोट.

"आत जाऊन बाळाला घाला गं झबलं," कुणीतरी म्हणालं, आणि ती सुटका झाल्यासारखी उठून आतल्या खोलीत गेली.

तेजल पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पोरसवदा चेहरा, डोळ्यांखाली काळं, केसांना घाईनं घातलेला गजरा एका बाजूला कललेला. माहेर तिचं उल्हासनगरला, तीन नंबरलाच. पण तिथे खालच्या मजल्यावर जीन्सचा कारखाना, दिवसभर मशीनची घरघर, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. मांडीवरची पोरगी बाजारातल्या झगमगीत, टोचऱ्या फ्रॉकमध्ये किरकिरत होती.

संजीवनीला बघून तेजल उठायला लागली. एक हात पलंगाच्या दांडीवर, एक पोटाखाली.

"बस, बस गं. उठू नकोस."

"नाही काकू, असं कसं." पण ती बसलीच. दोघींनी मिळून तो फ्रॉक काढला. बाळीच्या मानेवर त्याची लाल रेघ उठली होती. मलमलीचं झबलं अंगात गेलं तशी ती गप्प झाली, आणि डोळे उघडून छताकडे बघत राहिली.

"छान शिवता तुम्ही," तेजल म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून, "काकू, एक बोलू? गुस्सा मत करना, प्लीज."

"बोल ना."

"मी कुरिअरनेच मागवणार होते. पैसे भरायला तयार होते मी. ऑप्शनच नव्हता! पिनकोड टाकला की सीधा 'घरपोच मोफत', बस. मला ना, कुणीतरी दारात ठेवून निघून जायला हवं होतं." तिनं ओठ चावला. "तुम्हाला नाही म्हणत मी. पण रोज कोणी ना कोणी येतंच बाळ बघायला. मी उठायचं, केस बांधायचे, पदर सारखा करायचा. ही आत्ता झोपलेली असते, तिला उचलून दाखवायची. मग ती रडते, मग रात्रभर मी. टाके अजून ओढतात काकू. मी सासूला म्हटलं, ती दुकानवाली नाही आली तर बरंच आहे. बाबा नाही ऐकले, सकाळीच निघाले."

हे सांगून टाकल्यावर तेजलच घाबरली. "सॉरी काकू. तुम्ही एवढ्या लांब आलात."

संजीवनी दुपट्याची घडी करत होती. घडी झाली तरी तिचा हात त्यावरून फिरतच राहिला. आजवर ती जेवढ्या घरांत गेली होती, त्यातल्या बाळंतिणी तिला आठवायला लागल्या. कुलगावची, जी दाराची चौकट धरून उभी होती. तीन नंबरची, जिनं बाळ पुढे केलं आणि दुसऱ्या हातानं जांभई झाकली. तिला ते दिसत नव्हतं असं नाही, दिसायचं. घरी जाताना रिक्षात ती मनात म्हणायची सुद्धा, बिचारीला पाहुण्यांचा किती ताप. त्या पाहुण्यांत तिनं स्वतःला कधी धरलं नव्हतं.

"सॉरी कशाला," ती म्हणाली. "मलाही यायचं नव्हतं गं."

तेजलनं तिच्याकडे बघितलं. आणि दोघींना एकदम हसू आलं, तोंडावर पदर दाबून, बाहेर ऐकू जाऊ नये असं.

"खरंच?"

"अगदी खरं. म्हणून तर तुझं पुडकं पडून राहिलं. पाय उचलतच नव्हता."

"मग पैसे लावा ना! कितीही लावा, साठ, सत्तर. मैं तो खुशी से देती."

संजीवनीनं ठरल्याप्रमाणे बाळीच्या मुठीत नोट ठेवली. तेजलनं ती मूठ उघडून नोट तिच्या हातात परत कोंबली. "नको काकू. माझ्याकडून डिलिव्हरी चार्ज." संजीवनी नाही म्हणाली, पुन्हा मुठीत ठेवली. तेजलनं पुन्हा काढली. शेवटी नोट तेजलच्या उशीखाली गेली. ती कुणाची, हे ठरलंच नाही.

पाळणा म्हणून झाला, आत्यानं कानात कुर्र केलं, पोरीचं नाव राजसी ठेवलं. घुगऱ्यांची पुडी घेऊन संजीवनी निघाली. निघता निघता तिनं तेजलला एक फोटो पाठवायला सांगितला, झबल्यातला.

रघू सोडायला आला. निघताना बाबांनी नको नको म्हटलं होतं, तरी गावाबाहेर आल्यावर तिनं भाडं विचारलं. रघू अवघडला, मग एकदाचा आकडा म्हणाला, आणि आकडा म्हटल्यावर त्याचे खांदे सैल झाले. उरलेल्या रस्त्याभर तो आपणहून गप्पा मारत होता.

पाइपांच्या कडेनं परत येताना तिनं सोहमला फोन लावला.

"सोहम, ते तीन गावांचं शून्य आहे ना, ते काढ."

"काय? मम्मी, ऑफिसात आहे मी."

"ते घरपोच मोफत काढ. पहिल्यासारखे साठ लाव. आणि खाली लिही, कुरिअर दारात ठेवून जाईल. आत कुणी येणार नाही असंही लिही. स्पष्ट."

सोहमनं आवाज खाली आणला. "आजीला विचारलंस?"

"तू काढतोस का?"

"मी दोन मिनिटांत काढतो गं. पण साइटवरून काढून काय उपयोग? फोन कोण उचलतं? तू मशीनवर असलीस की आजी उचलते आणि सांगून टाकते, आमची सून येईल की. आधी तिच्याशी बोल. मला मेसेज कर, मी लगेच करतो."

खरंच होतं ते. अर्ध्या ऑर्डरी फोनवर यायच्या आणि दुकानाचा फोन विठाबाईंच्या पलंगाशी असायचा. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या आधी बाळाची जन्मवेळ विचारायच्या, मग बाळंतिणीची तब्येत, आणि मग मापं.

दुपार कलली होती तेव्हा ती घरी पोचली. सकाळची भाजी कढईत तशीच होती. विठाबाई वाट बघत होत्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या, पलंगावरून दाराकडे तोंड करून. जिना उतरून त्यांना आता किती दिवस झाले, हे विचारायची घरात कुणाची हिंमत नव्हती.

"आलीस? बस. कुणासारखी आहे गं पोरगी?"

संजीवनी बसली. अंग ठणकत होतं, झोपावंसं वाटत होतं. पण ती सांगायला लागली. नाक आजोबांचं, रंग आईचा, जावळ दाट. नाव राजसी. पाळण्याला झेंडू आणि शेवंती होती. घुगऱ्यांत खोबरं जरा कमी पडलं होतं. टोपड्याचे गोंडे एका बाईनं ओढून ओढून बघितले, तुटले नाहीत.

"तुटतील कसे? दुहेरी दोरा आहे," विठाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आणि बाळंतीण?"

"दमलीय हो ती. टाके ओढतात. पाहुण्यांनी जीव नकोसा केलाय तिचा."

"असतंच ते."

"हो."

मोबाइल वाजला. तेजलचा फोटो होता. संजीवनीनं तो मोठा करून विठाबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. काचेवरूनच बाळीच्या गालावर बोट फिरवलं, तसा फोटो सरकला. संजीवनीनं परत आणून दिला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "तू बघून आलीस ते बरं केलंस. मला सांगायला तरी कोण आहे दुसरं?"

ते ऐकून संजीवनीला वाटलं, आज नको, उद्या बोलू. आणि लगेच तिला ते 'उद्या' ओळखीचं वाटलं. तिनं चपला अजून काढल्या नव्हत्या. त्या काढल्या, पाय वर घेतले, आणि सासूच्या पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, प्रत्येक बाळाचा फोटो मी मागवीन. कोण, कुठलं, कुणासारखं, सगळं फोनवर विचारून तुम्हाला सांगीन. दुकान मला चालवायचंय, आणि चालवायचंय म्हणूनच मी आता जाणार नाही."

विठाबाईंनी चष्मा काढला. काही बोलायच्या आत उशाचा फोन वाजला. जांभूळच्याच कुणा बाईचा असावा. विठाबाईंचा हात सवयीनं तिकडे गेला.

"एवढं एकच करा माझ्यासाठी," संजीवनी म्हणाली. "कुणालाही फुकट आणून देऊ असं म्हणू नका."